धनाजीचा ठिपका

आभाळातून आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, असं धनाजी लहानपणापासून ऐकत आला होता. पण ते लक्ष सेक्शनच्या ऑफिसात पंख्याखाली बसलेल्या बसवराजचं असेल, हे काही त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

धनाजी रेल्वेत कीमॅन. म्हणजे रोज सकाळी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून आपल्या वाट्याच्या सहा किलोमीटर रुळावरून चालत जायचं, चालत यायचं, आणि रूळ धरून ठेवणारी एखादी लोखंडी चावी सैल झालेली दिसली की ठोकून घट्ट करायची. ढोकीच्या अलीकडचा पट्टा त्याचा, त्याला लागून पुढचा लिंबाजीतात्यांचा. दोघांच्या हद्दी जिथं मिळतात तिथं एक हिवराचं झाड आहे. अकरा वर्षं दोघांनी त्याच झाडाखाली भाकरी सोडली होती. तात्या सत्तावन्न वर्षांचे, धनाजी अडतिसाचा. दोघं ना भाऊबंद, ना एका गावचे. नातं काय ते रुळाचं.

दीड वर्षापूर्वी मशिन आलं. काडेपेटीहून थोडं मोठं, गळ्यात अडकवायचं. आभाळातल्या उपग्रहाला ते दिसतं म्हणे, आणि मग ऑफिसातल्या पडद्यावर प्रत्येक कीमॅनचा एकेक हिरवा ठिपका चालायला लागतो. ठिपका थांबला की बसवराजला कळतं, हद्द सोडली की कळतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आणखी काय वेगळं असतं? पण खोटं कशाला बोला, मशिन वाईट नव्हतं. त्याला एक लाल बटण होतं. शिकवायला आलेल्या साहेबांनी सांगितलं होतं, "साप चावू द्या, पाय मोडू द्या, काहीही होऊ द्या, हे बटण दाबा. वीस मिनिटांत जीप तुमच्यापाशी येईल." आणि फाटकापाशी जीप खरोखरच उभी असायची. पूर्वी रुळावर एकटा चालणारा माणूस कुठं पडला तर रात्री घरी आला नाही म्हणून शोधाशोध व्हायची.

लाल बटणाचं आणि लिंबाजीतात्यांचं मात्र कधी जमलं नाही. चावी ठोकायला वाकलं की मशिन लोंबकळायचं, तात्या ते मुठीत धरायचे आणि बटण दाबलं जायचं. चार महिन्यांत तीनदा जीप धुरळा उडवत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तात्या हिवराखाली ठेचा-भाकरी खात बसले होते आणि त्यांनी ड्रायव्हरलाही अर्धी भाकरी देऊ केली. वरून लेखी समज मिळाली. "पयलं देव बघत व्हता," तात्या म्हणाले, "पर त्यो कवा फोन करत न्हवता." अख्खं सेक्शन महिनाभर त्यावर हसत होतं.

आता येळवसेचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मार्गशीर्ष सरता सरता जी अमावस्या येते, त्या दिवशी आमच्याकडची गावंच्या गावं ओस पडतात. दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, माणूस न् माणूस रानात. ज्वारीत कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप, घालायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातलं आंबील. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. त्या दिवसाची रजा मागायला रांग लागते आणि साहेबांचं उत्तर दरवर्षी एकच असतं, "सगळे पांडव रानात गेले तर रूळ कोण बघणार?"

यावर या दोघांनी आपला तोडगा काढला होता. एका वर्षी धनाजीनं रानात जायचं आणि तात्यांनी दोन्ही पट्टे चालायचे, पुढच्या वर्षी उलट. नियमात बसत नव्हतं, पण एकही चावी कधी सैल राहिली नव्हती. मशिन आलं आणि घडी विस्कटली. एका माणसानं दोन ठिपके कसे चालवायचे? मागच्या येळवसेला दोघंही तोंड पाडून रुळावर राहिले. यंदा मात्र येळवस शुक्रवारी आली, आणि शुक्रवार ही तात्यांची आठवड्याची सुट्टी. त्यांच्या पट्ट्यावर बदली माणूस चालणार होता, त्यांचं मशिन त्याच्या गळ्यात.

"तुजं मशिन मला दे," तात्या म्हणाले. "म्या चालतो तुज्या पट्ट्यावर. ठिपक्याला कुटं तोंड असतंय?"

"पर तात्या, तुमची सुट्टी…"

"सुट्टीचं काय लोनचं घालू? तुजी काकू कडूबाई तामलवाडीला तिच्या भावाच्या रानात जाती. मला त्येच्या फुशारक्या ऐकवत न्हाईत, म्हनून म्या गुडघ्याचं निमित्त सांगतो. तुज्या बापाच्या अशा किती येळवसा ऱ्हायल्या, सांग बरं? जा तू. माजं फकस्त आंबील आन. परतीक्षाच्या हातचं."

धनाजीचा बाप, रामलिंगअण्णा, ऐंशीला टेकला होता आणि जिना चढला तरी धापा टाकत होता. थोरल्या पोरानं पूजा केल्याशिवाय कोपीत पाऊल ठेवणार न्हाय, असं त्यानं महिनाभर आधीच बजावलं होतं. धनाजीनं तरी काय करावं?

शुक्रवारी सकाळी सात वाजता, हिवराखाली, त्यानं आपल्या गळ्यातलं मशिन काढून तात्यांच्या गळ्यात घातलं.

"बटनाला हात लावू नगा," तो हसत म्हणाला.

"हात घरीच ठिवून येतो," तात्या म्हणाले आणि हातोडा खांद्यावर टाकून चालू लागले. धनाजीनं मोटारसायकलला किक मारली. त्या घडीपासून उपग्रहाच्या लेखी धनाजी रुळावर चालत होता आणि लिंबाजी कुठंच नव्हता.

रानात सगळं जिथल्या तिथं झालं. पूजा झाली, अण्णानं पांडवांपुढं डोकं टेकलं आणि कित्येक दिवसांनी तो पोटभर हसला. धनाजीच्या बायकोनं, प्रतीक्षानं, भज्जीचं पातेलं उघडलं, तेव्हा वास पलीकडच्या बांधापर्यंत गेला. पहिला घास धनाजीच्या हातात होता, तेवढ्यात फोन वाजला. बारा चाळीस झाले होते.

"धनाजीराव, तुमचं लाल बटण आलंय," बसवराज म्हणाला. "काय झालं? जीप काढू का?"

धनाजीला भीती वाटली. पण ती तात्यांसाठी नव्हती, हे त्याला नंतर जन्मभर आठवणार होतं. ती नोकरीसाठी होती. जीप गेली तर मशिन धनाजीचं आणि गळा लिंबाजीचा, हे उघडं पडणार होतं. आणि तात्यांचं बटण काय, ते तर दाबलं जातच होतं.

"चुकून दाबलं गेलं सायेब," तो म्हणाला. "वाकलो व्हतो. ठीक हाय म्या."

"अरे तुम्ही पण तात्यांसारखंच करायला लागलात का?" बसवराज हसला. "मागं गलका कसला?"

"कडंच्या रानात येळवस हाय न्हवं."

फोन ठेवल्यावर त्यानं कोपीमागं जाऊन तात्यांना फोन लावला. पूर्ण वाजला आणि बंद झाला. त्यात नवल काही नव्हतं. रुळावर चालताना कानाला फोन लावायचा नाही, हा नियम तात्या देवासारखा पाळत. फोन पिशवीत आणि पिशवी पाठीला. धनाजी येऊन पुन्हा पंगतीत बसला.

दहा मिनिटांनी दुसरा फोन आला. "परत आलंय हो बटण."

"दोरी आखूड झालीय सायेब. वाकलं की दाबतंय. वर बांदून घेतो." हे त्याला इतकं सहज सुचलं की त्याचंच त्याला आश्चर्य वाटलं. एक खोटं बोललं की पुढची आपली आपण चालत येतात. त्यानं तात्यांना पुन्हा फोन लावला, दोनदा लावला, तीनदा लावला.

"अवो, भज्जी गार व्हतीय," प्रतीक्षा म्हणाली. "कुनाचा फोन हाय सारका सारका?"

"ऑफिसचा."

आता जावं, असं त्याला वाटलं. अगदी मोटारसायकलची किल्ली त्यानं खिशातून काढलीसुद्धा. पण अण्णा काठी टेकत उठला होता. शेताभोवती आंबील शिंपडत फेरा घालायचा राहिला होता, आणि तो थोरल्यानंच घालायचा. "ओलगे ओलगे" असे येळवसेचे ठरलेले बोल पुटपुटत अण्णा दम खात खात पुढं आणि आंबिलाचं भांडं घेऊन धनाजी मागं. चार एकराचा फेरा, पण म्हाताऱ्याच्या पायानं अर्धा तास लागला. या अर्ध्या तासात बटणाचा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं धनाजीनं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

फेरा संपता संपता बसवराजचा तिसरा फोन आला. सव्वा वाजून गेला होता. "धनाजीराव, ठिपका पाऊण तास हलेना. सहा नंबरच्या पुलावर बसलाय. ठीक हाय न्हवं?"

"जेवायला बसलोय सायेब."

"उंडे-भज्जी? मग खा सावकाश," बसवराज म्हणाला. त्याचा आवाज खरोखर प्रेमळ होता. "आज तुमाला कोन हलवतंय?"

पाऊण तास. तात्यांचं जेवण दहा मिनिटांचं होतं, हे अकरा वर्षं बघितलेल्या धनाजीला बसवराजपेक्षा जास्त ठाऊक होतं. आता मात्र तो मोटारसायकलकडं वळला. प्रतीक्षानं स्टीलच्या डब्यात आंबील काठोकाठ भरून झाकण दाबून दिलं. "तात्यास्नी सांगा, ताक ताजं हाय म्हनून." तिचं लग्नातलं नाव त्या डब्यावर कोरलेलं होतं. डबा हँडलला अडकवून तो निघाला, तेव्हा दीड वाजून गेला होता. वाटेत प्रत्येक रानातून लोक हाका मारत होते, या जेवायला, या. दोन ठिकाणी तर बायका रस्त्यातच आडव्या आल्या. येळवसेला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्यानं एका ठिकाणी उभ्या उभ्या घोटभर आंबील प्यायलं.

सहा नंबरचा पूल ओढ्यावर आहे. कोरडा ओढा, खाली दगडगोटे, उंची दोन पुरुष. पुलाच्या तोंडाशी तात्यांची पिशवी व्यवस्थित ठेवलेली होती. धनाजीनं पुन्हा फोन लावला आणि त्या पिशवीत फोन वाजायला लागला.

तात्या खाली होते. कडेची दगडी फरशी निखळून त्यांच्याबरोबर खाली आली होती. बहुतेक गाडी यायची वेळ म्हणून बाजूला झाले असतील आणि नेमका त्याच फरशीवर पाय दिला असेल. एक पाय नको तिकडं वळला होता. मातीवर हात दीड हात सरपटल्याची खूण होती आणि सावली तिथून आणखी हातभर लांब होती. मशिन उजव्या मुठीत होतं. अंगठा बटणावर होता. अंग अजून गरम होतं, पण तात्या नव्हते.

धनाजी त्यांच्यापाशी बसला. त्यानं हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या, छातीला कान लावला. आपला फोन किती वेळा या माणसाच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर वाजला असेल, हे त्याला मोजता येत होतं. पाच वेळा. बटणाला जीप आली नाही, तरी पिशवीत फोन वाजतोय. म्हणजे धनाजीला काळजी आहे, म्हणजे धनाजी येईल, असं तात्यांना वाटलं असेल का? तो तोंडात हात घालून रडला.

आणि रडता रडताच त्याच्या हातांनी मशिन तात्यांच्या मुठीतून सोडवलं. बोटं एकेक करून नाही, एकदम निघाली. त्यांच्या अंगातलं नारंगी जाकीट काढून आपल्या अंगात घातलं. सुट्टीच्या माणसाच्या अंगात जाकीट कशाला? हातोडा उचलून वर नेला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, आणि तरीही हात थांबत नव्हते. मशिन गळ्यात घातलं तेवढ्यात फोन वाजला.

"धनाजीराव, आता अडीच व्हायला आले हां. साहेब विचारायलेत."

"सायेब," धनाजी म्हणाला, "लिंबाजीतात्या पुलावरनं पडलेत. गेलेत."

"तात्या? त्यांची सुट्टी हाय न्हवं आज?"

धनाजीनं इकडं तिकडं बघितलं. हँडलला डबा लटकत होता. "व्हय. येळवसेचं आंबील घिऊन आलते मला," तो म्हणाला. मग त्यानं डबा काढला आणि पुलावर पिशवीच्या शेजारी नेऊन ठेवला. मोटारसायकल झुडपाआड ढकलली. जीप अठरा मिनिटांत आली.

चौकशी दोन दिवसांत आटोपली. मशिनमधून तीन पानं निघाली. धनाजीचा ठिपका सकाळी सातपासून आपल्या पट्ट्यावरच होता, बारा चाळीसपासून सहा नंबरच्या पुलावर होता, बटणाच्या नोंदींपुढं 'चुकून' असं लिहिलेलं होतं. मशिननं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. त्याला मशिन दिसत होतं, माणूस दिसत नव्हता, यात त्याचा काय दोष? लिंबाजीबद्दल कागदावर एवढंच आलं, की सुट्टीच्या दिवशी, काम नसताना, परवानगी नसताना पुलावर आला आणि पडून मेला. कामावरचा मृत्यू नव्हे. तेहतीस वर्षं रुळावर चाललेल्या माणसाला रेल्वेच्या कागदात शेवटी आगंतुक ठरवलं गेलं. धनाजीनं त्याखाली सही केली. खरं सांगितलं असतं तर तात्या जिवंत झाले असते का, असं त्यानं प्रतीक्षाला विचारलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी कडूबाईनं निरोप पाठवला. धनाजी गेला. ती ओट्यावर बसली होती. समोर तो डबा होता, घासून पुसून लखलखीत केलेला.

"तुज्या घरचा हाय," ती म्हणाली. "परतीक्षाचं नाव हाय त्येच्यावर. पोलिसानं पिशवीसंगं मला दिला."

सुट्टीच्या दिवशी रानात न गेलेल्या माणसाकडं दुसऱ्याच्या घरचा डबा कसा आला, हे ती विचारील असं त्याला वाटलं. त्याचं उत्तर त्यानं येताना तयार केलं होतं. पण तिनं ते विचारलं नाही.

"डाक्तर म्हनला, लगीच न्हाय गेले. तासभर तरी जीव व्हता." तिचा आवाज सरळ होता. "मंग म्या त्या बसवराजला इचारलं. त्यो म्हनला, धनाजीचं मशिन साडेबारापस्नं तितंच व्हतं, जरा बी हललं न्हाय. मंजी तू त्यांच्यापाशीच व्हतास."

नाही म्हणावं, तर कागद फाटतो. आणि तिच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवतही नव्हतं.

"व्हय काकू."

"मंजी एकले न्हाय गेले." तिनं मान हलवली, हळूहळू, तीन-चार वेळा. "म्या तामलवाडीत बसून जेवत व्हते रे. तेवडंच मनाला खात व्हतं, का एकले गेले. काय बोलले का?"

"तुमचं नाव घेतलं," धनाजी म्हणाला. इतक्या खोट्यांत हे एकच तो स्वतःसाठी बोलला नव्हता.

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं विचारलं, "पानी मागितलं का? मरताना मानसाला तहान लागती."

"मागितलं."

"दिलंस?"

"आंबील पाजलं काकू. माज्या हातानं."

मग तिनं डबा उचलला, झाकण काढलं, आतला रिकामा लखलखीत तळ बघितला आणि झाकण परत लावलं.

"मला मिळाला तवा ह्यो काठोकाठ भरल्याला व्हता," ती म्हणाली. "म्याच वतून दिला."

ती उठली, डबा त्याच्या पायाशी ठेवला आणि आत गेली. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. धनाजी तो रिकामा डबा घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. सहा नंबरच्या पुलावर नवी फरशी बसवली होती, सिमेंट अजून ओलसर होतं. तो तिथं थांबला. थांबला तो थांबलाच. ऊन डोक्यावर आलं. मग त्यानं गळ्यातलं मशिन हातात घेतलं आणि लाल बटणावर अंगठा ठेवून, मोजून, दाबून धरला. आता बसवराजचा फोन येईल, आणि आपण त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्याचे ओठ पहिलं वाक्य जुळवत होते.

फोन आला.

"काय धनाजीराव," बसवराज म्हणाला, "चुकून दाबलं काय?"

धनाजीनं खाली ओढ्याकडं बघितलं.

"व्हय सायेब," तो म्हणाला. "चुकून."